व्याह्यांची सहाशे सतरा अंकी संख्या

कोरेवाडी आणि सांगवण या दोन गावांचं आजवर तीनच वेळा एकमत झालं. पहिल्यांदा, ओढ्यावर पूल हवा म्हणून. दुसऱ्यांदा, तो पूल कुणाच्या हद्दीत येतो हे ठरवायला सरकारी मोजणी मागवावी म्हणून. आणि तिसऱ्यांदा, दोघांची मिळून एक शाळा काढावी म्हणून. शाळा मधल्या माळावर उभी राहिली. तिचं फाटक कुठल्या गावाकडे असावं यावर सात बैठका झाल्या आणि शेवटी शाळेला दोन फाटकं बसली. शिपाई मात्र एकच. त्यामुळे एक फाटक रोज दहा मिनिटं उशिरा उघडतं. आज कुठलं, त्याचं वेळापत्रक ऑफिसात लावलेलं असतं.

संस्थेला अध्यक्षही दोन. कोरेवाडीचे भगवानराव जगदाळे, म्हणजे अप्पा. आणि सांगवणचे हणमंतराव इंगवले, म्हणजे नाना. दोघांत गोडवा यावा म्हणून मध्यस्थांनी नानांची वृषाली अप्पांच्या महेशला दिली. गोडवा किती आला ते देव जाणे, भांडायला एक नातं मात्र वाढलं. लग्नात आपल्याला बांधलेला फेटा वीतभर आखूड होता, असं नाना पुढे वीस वर्षं सांगत राहिले. अप्पांचं म्हणणं, फेटा सारखाच होता, डोकं मोठं होतं.

वृषाली याच शाळेत गणित शिकवते. एका फाटकाबाहेर तिचं माहेर, दुसऱ्याबाहेर सासर. मधल्या तासांत तिला जरा निवांत वाटतं.

आता त्या संख्येकडे वळू.

२०२७ च्या सुमाराला यंत्रं इतकी हुशार झाली, की कुणाचीही सही, कुणाचाही आवाज, कुणाचाही बोलता चेहरा घरबसल्या तयार होऊ लागला. कुठल्याशा पतसंस्थेचा चेअरमन वारल्यानंतरही दीड वर्ष व्हिडिओवरून ठराव मंजूर करत होता, आणि सभासदांचं म्हणणं पडलं की हल्ली साहेब जरा समजूतदार झालेत. तेव्हा सरकारने मोहरेचा कायदा आणला. प्रत्येक संस्थेला एक प्रचंड संख्या. तीच तिची मोहोर.

यातली युक्ती पाचवीतल्या मुलाला कळेल अशी आहे. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कुणीच भागत नाही, अशी. ४७ ही मूळ, ५३ ही मूळ. त्यांचा गुणाकार कुणीही करेल: २४९१. पण नुसता २४९१ हातात ठेवून ‘याचे अवयव पाड’ म्हटलं, की तीनने भागून बघा, सातने भागून बघा, अकराने, तेराने, अशी पायपीट सुरू होते. आता ४७ आणि ५३ च्या जागी तीनशे नऊ अंकी दोन मूळ संख्या घ्या. गुणाकार येतो सहाशे सतरा अंकी. यंत्र तो डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. पण उलटं जायचं तर जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी सूर्य विझेपर्यंत उत्तर येत नाही. गुणाकार सगळ्या जगाला दाखवायचा, अवयव पेटीत कुलूपबंद ठेवायचे. ठरावावर मोहोर उठवता येते ती फक्त अवयव ज्याच्यापाशी आहेत त्याला. क्वांटम यंत्रं आली की हे सगळं मोडेल असं म्हणत. पण ती आणखी पाच वर्षांवर होती, आधीच्या वीस वर्षांसारखीच.

शाळेच्या मोहरेचा एक अवयव कोरेवाडीचा, एक सांगवणचा असं दोन्ही गावांनी धरलं होतं. पेटी उघडायला दोन्ही अध्यक्षांचे अंगठे एकाच वेळी टेकावे लागत, तेही जिवंत. अवयवांची जादा प्रत तिसऱ्या ठिकाणी ठेवा, असं नियमात होतं. तिसरं ठिकाण कुठल्या गावात, यावर ते राहून गेलं. मोहोर उठवण्यापुरते दोघे पंधरा वर्षं शेजारी बसले, पेटीवर अंगठे टेकले आणि एकमेकांकडे न बघता उठून गेले.

२०४२ च्या पौषात नाना गेले. सकाळी चहा घेतला, वर्तमानपत्र उघडलं, आणि संपलं. दहाव्याला अप्पा आले, सगळ्यात मागे बसले आणि कुणाशी न बोलता परतले. त्यानंतर त्यांनी शाळेच्या बैठकीला जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणत, “जाऊन करू काय? समोर आहे कोण?”

आणि फेब्रुवारीत नोटीस आली. मोहरेची पंधरा वर्षांची मुदत ३१ मार्चला संपत होती. नूतनीकरणाच्या अर्जावर जुनी मोहोर उठवली तर ठीक. नाही तर संस्था बेवारस ठरणार आणि शाळा जिल्ह्याच्या संकुलात विलीन होणार. संकुल अडतीस किलोमीटरवर. शाळेत एकशे बारा मुलं, त्यांत एकसष्ट मुली. वृषाली घरोघर फिरली आणि प्रत्येक उंबऱ्यावर एकच प्रश्न विचारला: पोरीला तिकडे पाठवाल? त्रेचाळीस घरांनी चहा दिला आणि विषय बदलला. तेवढ्या त्रेचाळीसजणी घरी बसणार, असं तिने समजून घेतलं.

समितीने ठराव करून सगळे अधिकार वृषालीला दिले. दोन्ही गावांना चालेल असं दुसरं कुणी नव्हतं, आणि काही चुकलंच तर दोन्ही गावांना तिला बोलता येणार होतं. ती तालुक्याला नोंदणी अधिकारी साळवी यांच्याकडे गेली. माणूस सज्जन. फायलीपेक्षा समोरच्याकडे बघून बोलणारा.

“मॅडम, कलम नऊ. अवयव ज्याला ठाऊक, तो मालक. बाकी आम्हाला काही दिसत नाही.”

“पण पेटी उघडायला नाना नाहीत.”

“मग अवयव पाडून आणा,” साळवी म्हणाले, आणि आपलाच विनोद आपल्याला आवडला नाही म्हणून पाणी प्यायले.

तिचा एक जुना विद्यार्थी पुण्यात मोठ्या गणनकेंद्रात होता. त्याला फोन केला. तो आदराने म्हणाला, “मॅडम, तुम्हीच शिकवलंय ना, जे होत नाही त्यावर वेळ घालवू नये.” हे आपण कधी शिकवलं ते तिला आठवेना. संख्या किती मोठी आहे एवढंच त्याने विचारलं. ती कशी जन्मली हे त्याने विचारलं नाही. तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मोहोर बनवणारं यंत्र ठरावीक पद्धतीने चालतं, त्यात चूक नसते, असा सगळ्यांचा समज. यंत्राच्या बाबतीत तो खराच होता.

वृषालीने ते विचारायचं ठरवलं, पण संख्या जन्मली तेव्हा खोलीत तिघेच होते: अप्पा, नाना आणि मोहोर काढायला आलेला कोळेकर इंजिनिअर. नाना गेले. कोळेकर त्याच्या दोन वर्षं आधीच गेला. उरले अप्पा, आणि ते तोंड उघडत नव्हते.

“नानाला शब्द दिलाय, खोलीतलं बाहेर काढायचं नाही म्हणून,” ते म्हणत.

“अहो अप्पा, शाळा हातची चाललीय,” वृषाली म्हणे.

“माणूस गेला म्हणून शब्द जात नाही.”

महेशने विनवलं, समितीने विनवलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले. राजेंद्र, म्हणजे वृषालीचा धाकटा भाऊ, फोनवर कडाडला, “ताई, तुझ्या सासऱ्याला नानांच्या माघारी शाळा बुडवायचीय. नानांचं नाव पाटीवरून गेलं की त्यांना समाधान.” वृषालीने फोन ठेवला. अप्पांना ती बावीस वर्षं वाढत आली होती. विनवून तो माणूस कधी हलला नव्हता, पण डिवचल्यावर न हललेला तिने पाहिला नव्हता.

तेवीस मार्च, रविवार. दुपारी अप्पा जेवायला बसले. वृषाली तव्यावर भाकरी टाकत होती. पाठ न वळवता ती सहज म्हणाली, “अप्पा, सांगवणात सगळे म्हणतात, मोहरेतला नानांचा आकडा मोठा होता म्हणून.”

अप्पांचा घास हातातच राहिला. “कोण म्हणतं?”

“नानाच म्हणायचे. मला तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. ‘आपला मोठा आहे, पोरी, पण बोलायचं नाही.’”

“खोटं आहे ते.”

“असेल बाई. पण इंजिनिअरनेच त्यांना सांगितलेलं.”

“इंजिनिअरने मला सांगितलं,” अप्पांनी ताट सरकवलं. “माझ्या कानात. ‘अप्पा, मोठा तुमचा आहे, पण बोलू नका, नानांना लागेल.’ शपथ घातली मला.”

“म्हणजे दोघांनाही...” वृषालीने वाक्य अर्धंच सोडलं.

पंधरा वर्षं सांभाळलेल्या शब्दाला आतून वाळवी लागलेली दिसावी तसा अप्पांचा चेहरा झाला. मग ते हसले. नाना गेल्यापासून पहिल्यांदाच.

“कोळेकर बेणं हुशार होतं,” ते म्हणाले. “बस, सांगतो. यंत्र आपल्या मनाने दोन आकडे देत होतं. पहिल्या खेपेला एक मोठा आला, एक लहान. नाना म्हणाला, लहान सांगवण घेणार नाही. मी म्हटलं, मग कोरेवाडी काय उकिरड्यावर सापडली? पुन्हा काढले. पुन्हा एक लहान. अकरा खेपा झाल्या. कोळेकरची पाचची एसटी होती. साडेचार वाजले तशी त्याने यंत्राची ती सोय बंद केली. म्हणाला, आता एकच काढतो आणि दुसरा त्याच्या शेजारचाच घेतो, मग कुणी कुणाहून लहान दिसायचा नाही.”

“शेजारचाच?”

“शेजारचाच. मधे दुसरा मूळ आकडा नाही म्हणाला. पडद्यावर एकाखाली एक आले. तीनशे सहा घरं जशीच्या तशी, शेवटची तीन तेवढी निराळी. नाना म्हणाला, हां, आता शोभतंय. माझं त्याचं त्या दिवशी पटलं.”

तव्यावर भाकरी काळी झाली होती. वृषालीने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. सूर्य विझेपर्यंत न सुटणारं गणित मानपानाने सोडवून ठेवलं होतं.

कसं, ते सांगतो. एखाद्या संख्येचे दोन अवयव एकमेकांपासून लांब असतील तर ते कुठे दडलेत याचा पत्ता लागत नाही. पण ते शेजारी शेजारी असतील, तर दोघांच्या बरोबर मधे जी संख्या बसते ती मोहरेच्या वर्गमुळाला जवळजवळ चिकटलेली असते. २४९१ चं वर्गमूळ काढा. पन्नासला थोडंसं कमी. पन्नासचा वर्ग २५००. त्यातून २४९१ गेले, उरले नऊ, म्हणजे तीनचा वर्ग. झालं. पन्नास वजा तीन सत्तेचाळीस, पन्नास अधिक तीन त्रेपन्न. भागाकार करत हिंडायची गरजच नाही. आठवीच्या पुस्तकात हे विस्तारसूत्र म्हणून असतं: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ते कुठे लागतं असं विचारलं, की शिक्षक सांगतात, पुढे लागतं.

रविवारी शाळेची दोन्ही फाटकं बंद. सोमवारी पहिल्याच तासाला वृषाली आठवीच्या वर्गात गेली. तिने आधी एकटीने करून बघायला हवं होतं. फसलं असतं तर मुलांसमोर फसलं असतं. पण ज्यांच्या शाळेचा प्रश्न होता ती समोर बसली होती, आणि धडाही नेमका तोच चालू होता. तिने फळ्यावर २४९१ सोडवून दाखवलं आणि मग वर्गातला मोठा पडदा लावला. त्यावर शाळेची मोहोर, एका रांगेत मावत नव्हती म्हणून बारा ओळींत मांडलेली, शेवटचा अंक सात.

“याचं वर्गमूळ,” ती म्हणाली.

यंत्राने वर्गमूळ दिलं: तीनशे नऊ अंक, आणि पुढे दशांश चिन्ह. वृषालीने ते वरच्या पूर्ण संख्येला नेलं, तिचा वर्ग केला आणि त्यातून मोहोर वजा करायला सांगितलं. आकडे शेजारचे नसतील तर इथे तीनशे अंकांचा डोंगर येणार होता.

पडद्यावर सहा अंक आले. १३४६८९.

वर्गाला त्यात विशेष काही वाटलं नाही. वृषाली मुलांकडे वळली. “हा कुणाचा वर्ग आहे का, बघा. यंत्र नको, वहीवर करा.”

पेनं चालू लागली. एका बाकावरून आवाज आला, तीनशे साठ आणि तीनशे सत्तरच्या मधे. दुसऱ्याने सांगितलं, शेवटी नऊ आहे म्हणजे तीन नाही तर सात. मग तीन-चार कोपऱ्यांतून, दोन्ही गावांच्या गळ्यांतून, एकदमच आलं: “तीनशे सदुसष्ट.”

तीनशे सदुसष्टचा वर्ग १३४६८९. पूर्ण, एकाचाही फरक नाही. मधल्या संख्येतून तीनशे सदुसष्ट वजा केले की एक अध्यक्ष, मिळवले की दुसरा. दोघांत अंतर सातशे चौतीस. एवढ्या मोठ्या संख्यांच्या मुलखात एका मूळ संख्येपासून पुढची साधारण सातशे पावलांवरच असते. व्याही अगदी नेमाने शेजारी निघाले.

वृषालीने पडदा बंद केला, मुलांकडे पाठ केली आणि फळा पुसत राहिली. पुसायला फारसं काही नव्हतं. “मॅडम, हे परीक्षेला येणार का?” असं कुणी विचारलं. ती म्हणाली, “आलं होतं. पास झालो.”

अर्जावर मोहोर उठली. पण साळवींच्या टेबलावर अर्जातला अकरावा रकाना तिची वाट बघत होता: मोहरेचे अवयव कसे प्राप्त झाले.

“‘पेटीतून’ लिहा आणि मोकळ्या व्हा,” साळवी हळूच म्हणाले. “खरं लिहिलंत तर मोहोर कच्ची होती असं होईल. मग तिने उठवलेले चारशे बारा ठराव पुन्हा सभेपुढे न्यावे लागतील. शिवाय वडिलांचं नाव निघेल. सासऱ्यांचंही.”

वृषालीने पेन उचललं आणि ठेवलं. कुणाला कळणार नव्हतं. पण तिला आठ मिनिटांत जमलं ते उद्या आणखी कुणाला जमेल, आणि तो माणूस शाळेचा माळ कुणाच्या नावावर करेल ते सांगता येत नव्हतं. शिवाय एकतीस मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. खोटं लिहायचं तर त्यांना आधी खोटं शिकवावं लागलं असतं.

तिने रकान्यात लिहिलं: ‘दोन्ही अध्यक्षांनी लहान संख्या घेण्यास नकार दिल्याने अवयव शेजारचे निवडले गेले. आठवीच्या विस्तारसूत्राने सापडले.’ साळवींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि शिक्का मारला.

“नोकरीत असं पहिल्यांदाच वाचतोय,” ते म्हणाले. “बरं वाटलं.”

अठ्ठावीस तारखेला माळावर दोन्ही गावांची सभा भरली. वृषालीने सगळं सांगितलं, काही न लपवता. सांगवणची माणसं कोरेवाडीकडे बघून हसायला लागली, कोरेवाडीची सांगवणकडे, आणि आपण एकाच गोष्टीला हसतोय हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं. चारशे बारा ठराव हात वर करून पुन्हा मंजूर व्हायला दिवस मावळतीला आला. मग नव्या मोहरेसाठी यंत्र पुढे आणलं. वृषाली म्हणाली, “या वेळी यंत्र आपल्या मनाने निवडेल, आणि कुणाला दाखवणार नाही. दोन वेगळ्या संख्या म्हटल्या की एक लहान असणारच. कदाचित खूप लहान. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.”

माळावर शांतता झाली. ही शांतता दोन्ही गावांना चांगली ठाऊक होती. तिच्यातूनच आजवरच्या सगळ्या बैठका लांबल्या होत्या.

अप्पा काठी टेकून उठले. लोकांनी मनाची तयारी केली.

“हरकत नाही, दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. “लहान आकडा कोरेवाडीचा लिहून घ्या.”

राजेंद्र ताडकन उठला. “असं कसं? तुम्ही वडीलधारे. लहान आमच्याकडे.”

“तू बस. मी मोठा आहे, लहान मी घेणार.”

“काका, तुम्ही दरवेळी आपलंच खरं करता.”

“तुझ्या बापाकडून शिकलोय,” अप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “आणखी एक लिहा. जुन्या मोहरेत मोठा आकडा नानाचा होता.”

राजेंद्र उभाच राहिला. वृषालीने यंत्रावरून मान वर केली. दोघांत कुठला कुणाचा, ते कोळेकर बरोबर घेऊन गेला होता. गणितात त्याला उत्तर नव्हतं.

“अप्पा,” ती म्हणाली, “ते सिद्ध करता येत नाही.”

“मी सिद्ध कर म्हटलं का? मी ठराव मांडलाय. मत घे.”

राजेंद्रने डोळे पुसले आणि अनुमोदन दिलं. माळभर हात वर झाले, कोरेवाडीचे आणि सांगवणचे. मागे कुंपणाला टेकलेल्या एकसष्ट मुलींचेही, ज्यांना मत नव्हतं. वृषालीने आधी आपला हात वर केला, मग त्याच हाताने बटण दाबलं.